दान, अनुदान आणि ठेका

व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, मी साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस. साहित्यावर काय बोलणार?" ते म्हणाले, "साहित्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही तुमच्या धर्मादाय दवाखान्यावर बोला." म्हणून बोललो. आता ते भाषण छापून तुमच्या हाती येत आहे. सभागृहात वेळेअभावी जे राहिले, आणि समोर ओळखीचे चेहरे पाहून जे बोलायला धीर झाला नाही, तेही इथे लिहिले आहे.

विषय असा: धर्मादाय संस्था सरकारी कामाचा ठेका घेते तेव्हा तिचे काय होते? विषय कोरडा वाटेल. पण सुरतेत तीन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतले कुणी ना कुणी एखाद्या ट्रस्टवर असते. बाकीचे आई-वडिलांच्या तिथीला, नातवाच्या वाढदिवसाला पावती फाडतात. तेव्हा ही गोष्ट तुमच्याही घरातली आहे. मला ती आज सांगावीशी वाटते, कारण आमच्या विश्वस्त मंडळापुढे पुन्हा एक निविदा आली आहे आणि तिच्यावर सही करायची की नाही हे आम्हाला ठरवायचे आहे.

आधी आमची कथा सांगतो. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. चार-सहा दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले आणि त्यांत खासगी डॉक्टरही पुष्कळ होते. त्यांतला एक मी. बायको-मुलांना घेऊन नंदुरबारला सासुरवाडी गाठली. चौथ्या दिवशी मनाला लागले म्हणून परत आलो. दवाखान्याचे शटर वर करत होतो तेव्हा शेजारच्या यंत्रमागावरचा एक खानदेशी कामगार म्हणाला, "डॉक्टर, आले का?" टोमणा नव्हता, साधी चौकशी होती. पण ती मला पुरली. त्याच हिवाळ्यात नऊ-दहा कुटुंबांनी मिळून लिंबायतच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. केसपेपरचे दोन रुपये, भिंतीला एक दानपेटी, आठवड्यातून एकदा येणारे एमबीबीएस डॉक्टर आणि रोज संध्याकाळी मी. माझ्या पॅथीवर तुमचा विश्वास असो वा नसो, आमच्याकडे रोग्याला बोलू द्यायची पद्धत आहे. त्यामुळे औषध लागू पडले नाही तरी रोगी दुसऱ्या दवाखान्यात कुठे आणि कसा पाठवायचा हे मला कळायचे.

चौदा वर्षे असे चालले. २००८ साली स्थलांतरित कामगारांच्या आरोग्याची एक सरकारी योजना आली. काम संस्थांकडून करून घ्यायचे होते. खात्याचे नाव सांगत नाही, कारण दोष खात्याचा कमी आणि आमचा जास्त. आम्ही अर्ज केला आणि काम मिळाले. ज्या दिवशी पहिला हप्ता बँकेत आला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. एका परिचारिकेऐवजी दोन झाल्या, सहा क्षेत्र-कार्यकर्ते नेमले, पंखे आले, रंग लागला. मी प्रकल्पप्रमुख झालो. तुम्ही आमच्या जागी असता तर तुम्हीही पेढे वाटले असते.

मग हळूहळू एकेक गोष्ट बदलली. आधी वेळ बदलली. महिन्याला इतक्या भेटी, इतकी आरोग्य-व्याख्याने, इतक्या तपासण्या हे करारात लिहिलेले होते. रोग्याला बोलू देणारा मी घड्याळाकडे पाहू लागलो. मग यादी आली. योजना अठरा ते पंचेचाळीस वयाच्या, घर गावी ठेवून एकट्याने राहणाऱ्या पुरुष कामगारांसाठी होती. त्यात काही गैर नव्हते, त्यांची गरज खरी होती. पण एका संध्याकाळी एक बाई आली. नवरा यंत्रमागावर, ती घरी साड्यांवर टिकल्या लावायची. तीन महिने खोकला, अंग उतरलेले. आमची जुनीच रोगी. आणि मी तिला म्हणालो, "तुमचे नाव आमच्या यादीत बसत नाही." तिला सिव्हिल इस्पितळाचा पत्ता दिला, चिठ्ठी दिली. पूर्वी मी परिचारिकेला सोबत पाठवले असते. त्या दिवशी दोघीही व्याख्यानाच्या ठिकाणी होत्या, कारण महिनाअखेर होती.

आणखी एक कबुली देतो. त्या महिनाअखेरीस व्याख्यानाला बारा कामगार आले होते. नोंदवहीत वीस लिहिले गेले. लिहिले कार्यकर्त्याने, सही माझी. वीस नसते तर पुढचा हप्ता अडकला असता, आणि हप्ता आधीच सात महिने रखडला होता. कार्यकर्त्यांचे पगार आम्ही ट्रस्टच्या कायम निधीतून देत होतो. तो निधी कुणाच्या आईच्या नावाने, कुणाच्या मुलाच्या स्मरणार्थ आलेला होता.

सर्वांत मोठा बदल मात्र मला सर्वांत उशिरा कळला. दानपेटी रिकामी निघू लागली. जुन्या देणगीदारांकडे गेलो की ते हसून म्हणत, "आता काय, तुम्हाला सरकार देते!" त्यांचेही बरोबर होते. आम्हीच फलक लावला होता. २०१४ साली कराराची मुदत संपली आणि नव्या निविदेत आमच्याहून कमी दर भरणाऱ्या संस्थेला काम मिळाले. एका महिन्यात दोन परिचारिका आणि सहा कार्यकर्ते घरी गेले. उरले पंखे आणि मी. जुना दवाखाना पुन्हा सुरू करायला दोन रुपयांचा केसपेपर होता, पण दहा कुटुंबांची सवय मोडली होती. ती जोडायला आम्हाला पाच वर्षे लागली.

असे का व्हावे, याचे उत्तर मला आमच्या घरातल्या एका जुन्या ग्रंथात सापडले. आम्ही जैन. आमच्याकडे आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगतात. तत्त्वार्थसूत्रात दानाचा कस चार गोष्टींवर ठरवला आहे: देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणारा आणि घेणारा. लहानपणी पाठ केले होते, अर्थ साठीत कळला. ठेक्याला हीच कसोटी लावून पाहा. वस्तू करदात्याची. रीत निविदेतली. देणारे सरकार. घेणारा यादीतला. मग संस्था कोण? संस्था फक्त हात. हात असणे वाईट नाही. पण आमचे देणगीदार आणि आम्ही स्वतः त्या हातालाच दाता समजत राहिलो, हा घोटाळा झाला.

हे एका लहान ट्रस्टचेच दुखणे नाही. आपल्या सुरतेत दानाची परंपरा किती जुनी आहे पाहा. १६८९ साली इथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने आपल्या प्रवासवर्णनात सुरतेच्या जनावरांच्या इस्पितळाबद्दल लिहून ठेवले आहे. गुजरातेतल्या पांजरापोळी महाजनांच्या पैशावर चालत; व्यापारी आपल्याच व्यवहारावर आपणच पट्टी बसवून घेत. मोगल गेले, मराठे आले, इंग्रज आले, पांजरापोळ चालूच राहिली. आता २०२२ कडे या. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात गुजरात सरकारने गोशाळा आणि पांजरापोळींसाठी ५०० कोटी रुपये जाहीर केले. कोविडनंतर देणग्या आटल्या होत्या, म्हणून संचालकांना हायसे वाटले. सप्टेंबर उजाडला तरी पैसा हाती आला नाही. तेव्हा उत्तर गुजरातेत संचालकांनी जनावरे रस्त्यांवर आणि सरकारी कचेऱ्यांत सोडली. महिनाअखेरीस, ३० सप्टेंबरला, अंबाजीत योजनेचा शुभारंभ झाला. दर जनावरामागे रोज ३० रुपये. आंदोलन यशस्वी झाले म्हणायचे. पण मला वेगळेच दिसले. अभयदानासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांना स्वतःच्या दाराची कडी काढून आसऱ्याची जनावरे बाहेर हाकावी लागली. त्या संचालकांना मी दोष देत नाही. चाऱ्याचे बिल मी भरलेले नाही. पण पैसा येण्याआधी पैशाची घोषणाच संस्थेला किती परावलंबी करते, ते त्या महिन्यात साऱ्या गुजरातने पाहिले.

इथे कुणी विचारेल, मग सरकारचा पैसा घेऊच नये का? तसे मी म्हणणार नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तुम्ही सर्वांनी पाहिली आहे, काहींनी बोलावलीही असेल. गुजरातेत ती २९ ऑगस्ट २००७ पासून धावते. सुरुवातीला ती चालवणारी ना-नफा संस्था हैदराबादेत २००५ साली सत्यम कंपनीच्या रामलिंग राजूंनी काढली होती. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी कंपनीच्या हिशेबातील घोटाळा कबूल केला आणि ते तुरुंगात गेले. ही सेवा एका दात्याच्या खिशावर उभी असती तर गाड्या त्याच महिन्यात उभ्या राहिल्या असत्या. पण चालू खर्चाचा फार मोठा भाग राज्य सरकारे करारानुसार देत होती, म्हणून गाड्या धावत राहिल्या. पुढे जीव्हीके समूहाने संस्थेची धुरा घेतली. म्हणजे दाताही कोसळतो, आणि तेव्हा करारच रोग्याला इस्पितळात पोचवतो. शिवाय एक ट्रस्ट दोन खोल्यांत जे करतो ते साऱ्या राज्यात करायचे तर करदात्याचाच पैसा लागतो. ते त्याचे कर्तव्यच आहे.

फक्त ठेक्याची एक खोड लक्षात ठेवायला हवी. जे सर्वांत लहान आणि जवळचे, त्याला तो हळूच बाजूला सारतो आणि त्याचे नाव मात्र वापरतो. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांच्या आहाराचे पाहा. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत; शक्यतो गावाने, बचत गटांनी, महिला मंडळांनी तो पुरवावा. हेतू सोन्यासारखा. प्रत्यक्षात महाराष्ट्रात काही मोठ्या महिला संस्थांकडे हे काम गेले, आणि २०१२ साली न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कचेरीने अहवाल दिला की या संस्थांच्या आडून खासगी कंपन्याच पुरवठा करत आहेत. पुढच्या निविदांच्या अटी अशा की गावचा बचत गट त्यांत बसणेच कठीण. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी निविदा रद्द ठरवली. पंधरा वर्षे गेली. त्या काळात अंगणवाडीत आलेले मूल शाळा संपवत आले असेल. महिला मंडळ हा शब्द कागदावर राहिला, मंडळातल्या बायका मात्र कामाबाहेर राहिल्या.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या ताटातली आहे. आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही. २०१८-१९ च्या सुमारास कर्नाटकात अक्षयपात्र संस्थेच्या माध्यान्ह भोजनावरून वाद झाला, की त्यात कांदा-लसूण नाही आणि मुले जेवण टाकतात. संस्था आपल्या श्रद्धेवर ठाम होती. या संस्थेचे स्वयंपाकघर आपल्या सुरतेतही आहे आणि तिने देशभर भरवलेल्या मुलांची संख्या पाहून मी हात जोडतो. वाद ऐकताना आधी माझे मन तिच्या बाजूला गेले. माझीच श्रद्धा ती. मग स्वतःला विचारले, आमच्या भोजनशाळेत यात्रेकरूला मी माझ्या नियमाचे जेवण वाढतो, कारण ते ताट आमचे आहे. पण शाळेतले ताट कुणाचे? धान्य सरकारचे, अनुदान करदात्याचे, हक्क मुलाचा. तिथे मुलाच्या जिभेला आणि घराला माझ्या श्रद्धेइतकेच मोल द्यावे लागेल. म्हणजे ठेका घेताना संस्थेने आपले काय सोडायचे आहे, हेही आधीच मोजले पाहिजे. ते सोडणे जमणारे नसेल तर प्रामाणिकपणे बाजूला व्हावे. यात अपमान नाही.

आता शेवटचे उदाहरण, आणि ते मला सर्वांत जवळचे. माझे वडील सांगली जिल्ह्यातले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले, म्हणून पुढे सुरतेच्या गिरणीत कारकून होऊ शकले, म्हणून मी डॉक्टर झालो. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्याच समाजातले, जन्म कुंभोजचा, १८८७ चा. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले इथे त्यांनी संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. धान्य कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले, हे आपण सारे शाळेत शिकलो. त्यापुढचा प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. १९४८ साली भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर. शाळा शेकड्यांनी झालेल्या, शिक्षकांचे पगार अडलेले. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले. शेवटी गाडगेबाबांनी खेरांपाशी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

वडील ही गोष्ट गाडगेबाबांच्या थोरवीसाठी सांगत. मी आता ती वेगळ्या कानांनी ऐकतो. भाऊराव बोलू शकले, कारण अनुदान थांबले तरी त्यांच्यामागे पोती घेऊन उभी राहणारी रयत होती. स्वावलंबन हे त्यांनी संस्थेचे ब्रीदच केले होते. आम्ही सहा वर्षांत एकदाही बोललो नाही. हप्ता सात महिने रखडला तेव्हा बोललो नाही, यादीत बायकांना जागा नाही हे रोज दिसत असताना बोललो नाही. आम्हाला कुणी गप्प बसवले नव्हते. पुढच्या नूतनीकरणाच्या विचाराने आम्ही आपणच गप्प बसलो. आणि आमच्यामागे पोते घेऊन उभे राहायला कुणी नव्हते, कारण पेटी आम्हीच बंद करून घेतली होती.

म्हणून नव्या निविदेवर मी मंडळापुढे चार अटी ठेवणार आहे. पहिली, सरकारी पैसा संस्थेच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. काम लहान ठेवावे लागले तरी चालेल. दुसरी, सर्व नोकरांचे सहा महिन्यांचे पगार आधी बँकेत जमवायचे आणि मगच सही करायची. कायम निधीला हात लावायचा नाही. तिसरी, आठवड्यातले दोन दिवस दवाखाना देणगीच्या पैशावर आणि यादीविना चालेल. चौथी, नोंदवहीत बारा आले तर बाराच लिहायचे, आणि हप्ता अडकला तर का अडकला हे वार्षिक सभेत सर्वांसमोर सांगायचे.

एक सहकारी म्हणाले, "डॉक्टर, एवढ्या अटी घातल्या तर काम मिळणार नाही." असेल. काम दुसऱ्या संस्थेला मिळेल आणि रोग्यांची सोय होईल, तर त्यात आपले काय गेले? आपल्याला रोग्यांची सोय हवी आहे की फलक, हे त्या सभेत ठरेल.

तुमच्याकडे माझे मागणे दोन गोष्टींचे. तुम्ही ज्या संस्थेला देता तिला सरकारी काम मिळाले, तर पेढा जरूर घ्या, पण पावती फाडणे थांबवू नका. तुमचे पाचशे रुपये त्या संस्थेच्या ताळेबंदात किरकोळ दिसतील. पण यादीबाहेरच्या माणसाला दाराच्या आत घ्यायला तिच्याजवळ तेवढेच पैसे असतात, आणि वेळ आली तर बोलायची हिंमतही त्यांतूनच येते. दुसरे, वार्षिक सभेला या आणि हिशेब विचारा. किती जणांना सेवा दिली हे छापील अहवालात असतेच. तुम्ही विचारा की किती जणांना परत पाठवले.

आम्ही अशी एक वही आता केली आहे. साधी, दोनशे पानी, मुलांच्या शाळेची असते तशी. कुणालाही 'आमच्याकडे होणार नाही' म्हणून सांगितले की त्यात तारीख, तक्रार, कुठे पाठवले आणि तिथे पोचले की नाही, एवढे लिहायचे. शेवटचा रकाना भरायला परिचारिकेला फोन करावा लागतो, कधी घरी जावे लागते. त्या बाईचे नाव या वहीत नाही. ती सिव्हिलला पोचली का, हे मी कधी विचारले नाही, आणि आता विचारायला पत्ता नाही. वहीचे पहिले पान मी तिच्यासाठी कोरे ठेवले आहे. सभेच्या दिवशी निविदेच्या कागदांशेजारी ती वही टेबलावर ठेवणार आहे.